आधी तू शीक, मग मी!

(मंडळाच्या नवीन विद्यार्थ्यांच्या स्वागत-कार्यक्रमात केलेलं भाषण. संपादकांच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवले आहेत, सांभाळून घ्या.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता, "अमेरिकेतलं विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष". मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. कुकर कुठल्या बॅगेत टाकावा, गोडा मसाला किती आणावा, हे सगळं तुम्हाला निघायच्या आधीच पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलेलं असतं. मला जरा वेगळ्या लोकांशी बोलायचंय. यंदा आलेल्या विद्यार्थ्यांत चार जोडपी आहेत असं कळलं, आणि त्यातल्या तिघांच्या घरात प्रवेश एकालाच मिळालाय. दुसरी व्यक्ती 'सोबत' आली आहे.

आम्हीही असेच आलो, ऑगस्ट २०१४ मध्ये. मी एफ-वन, बायको एफ-टू. म्हणजे मी विद्यार्थी आणि ती विद्यार्थ्याची डिपेंडंट. या शब्दाला मराठीत 'अवलंबित' म्हणतात, आणि मराठीत म्हटल्यावर तो जास्त टोचतो.

आता ही अवलंबित बाई कोण होती? ई अँड टीसीची इंजिनियर, पुण्यात चिप डिझाइनच्या कंपनीत चार वर्षं नोकरी, पगार माझ्यापेक्षा जास्त. (हे मी लग्न ठरताना कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय!) जीआरई आणि टोफेल दोघांनी एकाच महिन्यात दिली होती, सप्टेंबर २०१३. तिचा स्कोअर माझ्यापेक्षा बरा. मग मी आधी का? कारण माझं प्रवेशपत्र आधी आलं आणि कर्ज एकालाच झेपणार होतं. बँकेत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तेव्हा तारण लागायचं, आणि तारण ठेवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, बाबांचा चिंचवडचा फ्लॅट. तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरलं, "आधी तू शीक, मग मी." हे वाक्य तिचं. मी लगेच "चालेल" म्हटलं. एवढ्या मोठ्या निर्णयाला आम्ही पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. फ्रिज घेताना दोन शनिवार घालवले होते!

आणखी एक गंमत. आय-ट्वेंटीवर विद्यार्थ्याच्या खर्चाबरोबर जोडीदाराच्या खर्चाचीही तरतूद दाखवावी लागते. माझं कर्ज माझ्यातच संपलं. तिच्या नावापुढचे पैसे कुठून आले? तिच्याच एफडी मोडून. मी तिला 'सांभाळू शकतो' हे सरकारला दाखवायला तिचीच बचत कामाला आली, आणि कागदावर अवलंबित तीच.

तर आलो. मिडवेस्टमधलं विद्यापीठाचं छोटं गाव. मला लॅब, क्लास, वीस तासांची असिस्टंटशिप, मित्र, सगळं आपोआप मिळत गेलं. तिला काय मिळालं? एफ-टूवर नोकरी अजिबात करता येत नाही, कॅम्पसवरसुद्धा नाही. नोकरी नाही म्हणून एसएसएन नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, एसएसएन नसेल तर 'हिला एसएसएन मिळू शकत नाही' असं सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसचं पत्र आणा. म्हणजे अमेरिकेत तिच्या नावाचा पहिला सरकारी कागद मिळाला तो नकाराचा. तो आम्ही फाइलमध्ये जपून ठेवलाय.

आणि शिक्षण? तेव्हाचा नियम असा होता की एफ-टूवरच्या जोडीदाराने फक्त छंद किंवा करमणूक म्हणून शिकावं. पदवीच्या दिशेने जाणारा एकही कोर्स चालणार नाही. तेव्हा सिग्नल प्रोसेसिंग शिकू पाहणाऱ्या बाईने त्या हिवाळ्यात कम्युनिटी सेंटरमध्ये मातीची भांडी करायचा क्लास लावला. ते कायद्यात बसत होतं. भांडी चांगली जमली, असो. पण मी लॅबमधून रात्री नऊला घरी यायचो तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची आणि बाहेर चार वाजल्यापासून अंधार. मी विचारायचो, "आज काय केलंस?" या प्रश्नाने तिला काय होत असेल हे मला पुष्कळ उशिरा कळलं. नोकरी करणाऱ्या माणसाला आपण असं रोज विचारत नाही.

२९ मे २०१५ पासून हा नियम बदलला. आता एफ-टूवर पदवीचे कोर्ससुद्धा घेता येतात, फक्त पूर्णवेळेपेक्षा कमी. तिने त्या शरदात एक आणि पुढच्या सेमिस्टरला एक असे दोन कोर्स केले. फी पूर्ण, कारण माझ्या असिस्टंटशिपने फक्त माझी फी माफ होती. नवीन आलेल्या जोडप्यांनो, ही सोय आज तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे. एक कोर्स घ्या. वाटल्यास जुनी कार घ्या, पण एक कोर्स घ्याच. ग्रेड मिळते, प्रोफेसर नावाने ओळखायला लागतात, शिफारसपत्र मिळतं. मुख्य म्हणजे संध्याकाळच्या त्या प्रश्नाला उत्तर असतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्यासाठीच खरं तर उभा राहिलोय.

ठरलं होतं असं की मे २०१६ मध्ये माझं एमएस संपणार आणि ऑगस्टला तिचं सुरू होणार. त्यासाठी अर्ज २०१५ च्या डिसेंबरपर्यंत जायला हवे होते. नोव्हेंबरमध्ये ती म्हणाली, "फॉर्म भरू का?" आणि मी म्हणालो, "माझी नोकरी लागू दे. एच-वनची लॉटरी होऊ दे. मग बघू."

वाईट हेतू नव्हता. डोक्यावर कर्ज होतं, बाबांचा फ्लॅट बँकेकडे होता, भीती होती. पण 'मग बघू'ला तारीख नसते. मे २०१६ ला मी पदवीधर झालो, ओपीटीवर कन्सल्टिंगमध्ये लागलो. तोच महिना होता जेव्हा आमच्यासारख्या इंजिनियरांचं ओपीटीचं एक्स्टेन्शन चोवीस महिने झालं, म्हणजे एकूण तीन वर्षं निवांत! निवांत कोण? मी. ओपीटीवर असलेल्याची बायको एफ-टूच राहते, एक डॉलर कमवू शकत नाही. दरम्यान तिच्या टोफेलची दोन वर्षं कधीच उलटून गेली होती. जीआरईची पाच वर्षं असतात, म्हणजे २०१८ पर्यंत. टोफेल किती दिवस चालतो, जीआरई किती दिवस चालते हे कुठेही लिहिलेलं सापडतं. बायको किती दिवस थांबते हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

डिसेंबर २०१६ मध्ये एके दिवशी क्रेडिट कार्डाच्या बिलात मला टोफेलची फी आणि तीन विद्यापीठांच्या अर्जांची फी दिसली. मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "लॉटरी तुझी आहे. माझी नाही."

भांडण झालं. मोठं झालं. मी पैशांचा हिशोब मांडला, तिने वर्षांचा. तिचा हिशोब बरोबर होता. निघताना विमानतळावर तिच्या बाबांनी मला विचारलं होतं, "हिचं कधी?" आणि मी म्हटलं होतं, "दोन वर्षांत, बाबा." त्या रात्री ते आठवलं. त्यानंतर मी काही बोललो नाही.

एप्रिल २०१७ च्या लॉटरीत माझा नंबर लागला नाही. म्हणजे मी म्हटलं तसं थांबली असती तर आणखी एक वर्ष गेलं असतं. जूनमध्ये ती मुंबईला गेली, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये एफ-वनसाठी. इथे राहूनही स्टेटस बदलता येतं, पण मंजुरी हातात येईपर्यंत पूर्णवेळ शिकता येत नाही, आणि ऑगस्ट गाठायचा होता. व्हिसा अधिकाऱ्याने विचारलं, तीन वर्षं तिथे होतात, आताच का शिकायचंय? ती म्हणाली, "आता माझी पाळी आहे." व्हिसा मिळाला. (हे उत्तर पाठ करून जाऊ नका, प्रत्येकाच्या अधिकाऱ्याचं नशीब वेगळं!)

घरी आईने फोनवर विचारलं, "तुझं झालं ना शिकून? मग तिला आता कशाला?" आईचा स्वभाव वाईट नाही. तिच्या पिढीत कुटुंबातलं एक माणूस शिकलं की कुटुंब शिकलं असं धरायचे. मी पहिल्यांदाच आईला नीट उत्तर दिलं. काय दिलं ते इथे सांगत नाही.

पुढे दोन वर्षं ती एका गावात आणि मी क्लायंटच्या गावात, मध्ये एकशे चाळीस मैल. शुक्रवारी रात्री मी डबे घेऊन जायचो. तिच्या डिपार्टमेंटच्या पार्टीत लोक मला विचारायचे, "आणि तुम्ही काय करता?" पहिल्या सेमिस्टरची फी माझ्या पगारातून गेली, दुसऱ्यापासून तिला टीचिंग असिस्टंटशिप मिळाली. डिसेंबर २०१९ ला झाली पदवीधर. ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षं उशिरा, त्यातलं एक वर्ष पूर्णपणे माझ्या नावावर.

इथे मला आनंदीबाई जोशींची आठवण येते. आपण लहानपणी धडा म्हणून वाचलं, पण २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी केलेलं भाषण जोडप्यांनी वाचण्यासारखं आहे. अमेरिकेला एकटी का जाते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच घेतला आणि उत्तर दिलं की आधी दोघांनी जायचं ठरत होतं, पण तेवढे पैसे नाहीत आणि नवऱ्यावर घरच्या माणसांचा भार आहे. मंडळी, एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा हा हिशोब आपलाच नाही का? फरक इतकाच की तिथे 'आधी तू' म्हटलेली बाई होती, वय अठरा. गोपाळराव इथे पोचले तोवर तिचं शिक्षण संपत आलं होतं. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, गेली. गोपाळरावांबद्दल वाईटसाईट बोलायला मला अधिकार नाही. माझा रेकॉर्ड तुम्ही आत्ताच ऐकलात.

जाता जाता, तुमची धाकटी भावंडं विचारतात म्हणून सांगतो. देशाचे नियम जोडप्याचं आयुष्य ठरवतात, ते आधी वाचायला सांगा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या मास्टर्सना जोडीदाराला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही, संशोधनाच्या पदवीला येतं. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्स किमान सोळा महिन्यांचं असेल तरच जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळू शकतं. म्हणजे बारा महिन्यांचा कोर्स 'लवकर संपतो' म्हणून निवडाल तर जोडीदार घरी! इथे अमेरिकेत एच-फोरवाल्यांना २०१५ पासून काम करता येतं, पण नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्याला पोचल्यावर. तोवर खिडकी आहेच.

आणि तुम्ही तिघं-चौघं जोडपी... आज रात्री घरी गेलात की कॅलेंडर काढा. दुसऱ्याच्या अर्जाची शेवटची तारीख त्यावर लिहा. लॉटरी, नोकरी, बाळ, घर, काहीही आलं तरी ती तारीख हलवायची असेल तर जिची किंवा ज्याची ती तारीख आहे, त्या व्यक्तीनेच हलवायची. आमच्याकडे हा नियम २०१७ पासून आहे, सध्या तिच्या पीएचडीच्या विचारासाठी वापरात आहे.

ही सगळी माझी बाजू झाली. तिची बाजू यापेक्षा बरीच वेगळी आणि थोडी लांब आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, चहाच्या वेळी विचारा. सेक्रेटरी दोनदा घड्याळाकडे बघून झालेत आणि बटाटेवडे गार होतायत.