कुलूप कुणाच्या हातात?



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, कविता लिहिणारा. कर्जत-खालापूरच्या तुम्ही पोरांनी सवाल टाकलाय : अभ्यासिकेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं की फ्रीबीएसडी? दोन्ही फुकट, दोन्ही युनिक्सच्या वळणाची, दोन्हींचा सोर्स कोड उघडा. मग फरक कुठाय?

फरक परवान्यात आहे. लिनक्स लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली सुरू केलं. १९९२ पासून त्याला जीपीएल परवाना आहे. तो बजावतो : घ्या, बदला, विका, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचा सोर्सही द्यावा लागेल. १९९३ च्या फ्रीबीएसडीचा परवाना म्हणतो : घ्या, आमचं नाव ठेवा, मग कुलूप घातलंत तरी चालेल. ॲपलच्या मॅकओएसमध्ये फ्रीबीएसडीचा कोड आहे. अख्खं मॅकओएस मात्र उघडं नाही.

म्हणून फ्रीबीएसडी टाकाऊ ठरत नाही. त्याचा गाभा नि मूळची हत्यारं एकाच टोळीनं घडवलेली. सर्व्हरला दणकट माल.

पण आपल्या पोरांना पहिल्याच पडद्यावर मराठी पाहिजे. डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, फ्रीबीएसडीचा इंग्रजीत. माझं मत डेबियनला. फक्त यंत्र तपासा. ३२ बिटचं असेल तर २०२५ चं डेबियन १३ त्यावर बसणार नाही; तिथं नेटबीएसडी बघा.

आणि फुकट मिळतंय एवढ्यासाठी घेऊ नका. उघडून वाचता येतं, दुरुस्त करता येतं, म्हणून घ्या. कर्जतच्या पोरानं सुधारलेलं खोपोलीच्या पोरीनं पुढं न्यावं, कुणाला न विचारता!