रग्बी : पहिल्या पाच वर्षांचा हिशेब
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्हाइटफील्डमधल्या आपल्या मुलांना करिअर म्हटले की कोडिंग आणि क्रिकेट या दोनच गोष्टी आधी दिसतात. पण जून २०२५ मध्ये टीव्हीवर ‘बंगळुरू ब्रेव्हहार्ट्स’ हे नाव झळकले आणि काही घरांत तिसरा प्रश्न आला : “बाबा, मी रग्बी खेळू?” आज बोलायचे आहे ते या प्रश्नावर. अशा मुलाची सुरुवातीची वर्षे कशी जातात, हे आईबाबांना आधी ठाऊक असलेले बरे.

आधी खेळ थोडक्यात. चेंडू लंबगोल असतो. हाताने पास द्यायचा तो फक्त मागे किंवा आडवा, पुढे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायचे, म्हणजे आपल्या कबड्डीतली पकडच, फक्त पळत्या माणसावर. मूळ खेळ पंधरा जणांचा. सात जणांचा छोटा प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. फिजीसारख्या चिमुकल्या देशाने तिथे पुरुषांचे पहिले सुवर्ण जिंकले आणि तेच त्या देशाचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक ठरले.

हा खेळ भारतात नवा नाही. कलकत्त्यातला इंग्रजांचा क्लब १८७८ मध्ये बंद झाला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवला. ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. मात्र आपल्या राष्ट्रीय संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना व्हायला १९९८ साल उजाडले. त्या संघात अभिनेते राहुल बोस होते. पुढे ते ‘रग्बी इंडिया’चे अध्यक्ष झाले.

आता पैशाचे बोलू, कारण घरातला पहिला प्रश्न तोच असतो. जगातच रग्बी युनियन ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतरीत्या हौशी खेळ होता. खेळायचे पैसे घेणे नियमाबाहेर होते. आपल्याकडे फ्रँचायझी पद्धतीची ‘रग्बी प्रीमियर लीग’ थेट १५ ते २९ जून २०२५ या काळात झाली. संघ सहा, सगळे सामने मुंबईत अंधेरीला, विजेता चेन्नई बुल्स. लिलावात भारतीय खेळाडूंमध्ये सर्वांत मोठी बोली मोहित खत्रीवर लागली, ४ लाख ७५ हजारांची. आपल्या भागात नोकरीला लागलेल्या नवख्या इंजिनियरच्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास! पंधरवड्याच्या स्पर्धेसाठी ही रक्कम वाईट नाही. पण ती सर्वांत वरची आहे, आणि उरलेले साडेअकरा महिने शिल्लक राहतात.

मग हा मार्ग बंदच समजायचा का? इथे कबड्डीकडे बघा. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती, राकेश कुमारवर. चार वर्षांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडे आला, ३६ लाख ४० हजारांत. पहिल्याच मोसमात त्याने चढायांत दोनशेच्या वर गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख मोजले. लीग टिकली, लोकांनी बघितली, म्हणून खेड्यातल्या पोराच्या पकडीला आणि चढाईला भाव आला. रग्बी आज कबड्डीच्या २०१४ च्या उंबरठ्यावर उभी आहे. ती तशीच वाढेल याची हमी मात्र कोणी देऊ नये.

मुलींचे गणित आणखी कठीण. २०२५ च्या लीगमध्ये फक्त पुरुषांचे संघ होते. आणि मैदानावरचे यश? पंधरा जणींच्या प्रकारात भारताने २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. त्याच वर्षी बिहारमधल्या बाढ भागातली स्वीटी कुमारी, मूळची धावपटू, जगातली उदयोन्मुख रग्बीपटू म्हणून निवडली गेली. पुण्याची वाहबिज भरुचा भारताची कर्णधार राहिली. गुण आहेत, पगार नाही, अशी ही स्थिती आहे.

उमलत्या खेळाडूची गोष्ट सांगायची तर न्यूझीलंडच्या जोना लोमूची सांगावी. आईवडील टोंगा बेटांवरचे. १९ वर्षे ४५ दिवसांचा असताना, जून १९९४ मध्ये, तो देशाकडून खेळला. फ्रान्सविरुद्धचे दोन्ही सामने संघ हरला आणि लोमू बाहेर बसला. वर्षभराने विश्वचषकात त्याने सात ट्राय केले, त्यांतले चार एकट्या इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात! पण त्याच वर्षाच्या अखेरीस मूत्रपिंडाचा गंभीर विकार निघाला. २००४ मध्ये मूत्रपिंडाचे रोपण झाले, आणि २०१५ मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. वीस वर्षांच्या पोराच्या वाट्याला अपयश, कीर्ती आणि आजार हे सगळे दीड वर्षात आले. शरीर हेच भांडवल असलेल्या धंद्यात हे कोणालाही घडू शकते.

शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट डोक्याच्या इजेची. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन आज सांगतो की तो अंतिम सामना त्याला आठवत नाही. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. म्हणून मुलाला घालायच्या आधी प्रशिक्षकांना सरळ विचारा : पकड कशी शिकवता? डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर घेता का? त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवत नाही ना? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा क्लब शोधा.

तेव्हा पालकांनो, माझे सांगणे एवढेच. मुलाला ‘नाही’ म्हणू नका, पण पाच वर्षांचा करार करा. शिक्षण सुटणार नाही, दुखापत लपवणार नाही, आणि पाच वर्षांनी दोघे मिळून पुन्हा हिशेब मांडू. आणि मुलांनो, या खेळात पास मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे तर मागून कोणी तरी धावत येत असावे लागते. तुमच्यामागे घर धावत असेल, तर त्याला बरोबर घेऊनच पळा.

गणपती बाप्पा मोरया!