दवाखान्याचे कर्ज आणि आपली शिधापत्रिका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कर्जाचा विषय निघाला की आपण बँक, सोसायटी आणि सावकार यांची नावे घेतो. कर्ज कशापायी झाले म्हणून विचारले तर पेरणी, विहीर, पोरीचे लग्न अशी उत्तरे येतात. जरा थांबले की खालच्या आवाजात आणखी एक उत्तर येते: दवाखाना. आज आपल्याला त्याविषयी बोलायचे आहे.

कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. चांगला कायदा. पण त्यातून हंगामी कारखाने वगळले. कोणते? साखर आणि गूळ, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणे. म्हणजे आपला माल जिथे जातो, नेमके तेच! शेतकरी आणि शेतमजूर यांची तर त्यात आठवणही नव्हती.

आपली पाळी फार उशिरा आली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना निघाली, २०१३ मध्ये राज्यभर झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. पण शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी हवी. पांढरी पत्रिका असलेला कोरडवाहू शेतकरी बाहेर. मग मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या पत्रिकेवर आत घेतले. आत्महत्यांचे जिल्हे म्हणून! दवाखान्यात जायची पात्रता आपल्याकडे अशी ठरते. २०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, २०२० मध्ये राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. २०२३ च्या शासन निर्णयाने पत्रिकेच्या रंगाची अट गेली आणि रक्कम पाच लाख झाली. २०२४ पासून त्याप्रमाणे अंमल सुरू झाला.

आता नीट ऐका, कारण फसगत इथे होते. पाच लाख कोणाच्या हातात मिळत नाहीत, आणि माणशीही नाहीत. सगळ्या कुटुंबाला मिळून, वर्षाला, ठरलेल्या आजारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात, भरती झाल्यावर. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. अनामत भरण्याआधी त्याला गाठायचे, शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवायचे. आम्ही गावोगाव ऐकतो ते असे: काउंटरवर सांगतात, "आधी पन्नास हजार भरा, योजनेचे मग बघू." घाबरलेला माणूस भरतो. एकदा भरले की ते परत मिळवताना वर्ष जाते. मंजूर उपचारासाठी वर पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर कोणी मागितले, किती मागितले, तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

दुसरा हक्क बहुतेकांना माहीतच नाही. ट्रस्टची मोठी रुग्णालये धर्मादाय म्हणून सवलती घेतात. त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लावून दिली. तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवायचे नाही, हेही त्यात आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. माणूस अत्यवस्थ असताना तलाठ्याच्या मागे फिरणे होत नाही. नाकारले तर धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज.

राहिला रोजचा दवाखाना. रक्तदाबाची, साखरेची गोळी, तापाचे सलाईन, भरती न होता केलेल्या तपासण्या. यांना पाच लाखांतला एक रुपया नाही, आणि घर पोखरते ते हेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत झाले. पण केस पेपर मोफत आणि चिठ्ठीवर 'बाहेरून आणा' असेल तर मोफत काय झाले? तेव्हा ग्रामसभेत औषधसाठ्याचा हिशोब मागा. खताच्या दुकानात साठ्याचा फलक मागणारे आपण, इथे का लाजायचे?

जेवणाच्या सुट्टीत एक काम करू. शिधापत्रिका आणल्या असतील त्यांनी नावे तपासून घ्या. नव्या सुनेचे नाव बहुधा अजून माहेरच्या पत्रिकेवर असते आणि वेगळ्या राहणाऱ्या भावांची एकच पत्रिका असते. पुरवठा शाखेत द्यायचे अर्ज मंडपाच्या मागच्या टेबलावर ठेवले आहेत. लिहिता येत नसेल त्यांना आमची पोरे लिहून देतील.