निद्रानाश आणि जटामांसी

जटामांसीचे नाव महाराष्ट्रातील घरांत दिवाळीच्या उटण्यामुळे आणि केसांच्या तेलामुळे परिचित असले, तरी अस्वस्थ मनाला शांत करून झोप आणणारे पोटात घेण्याचे औषध म्हणून असलेली तिची जुनी ख्याती आता वैद्यांपुरतीच उरली आहे. ही वनस्पती हिमालयात सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढते. काष्ठौषधींच्या दुकानात जी ‘मुळी’ म्हणून मिळते, ती वस्तुतः तिचा मूलस्तंभ, म्हणजे जमिनीखाली वाढणारे खोड असून, जुन्या पानांच्या देठांचे तांबूस-तपकिरी तंतू त्याला दाट वेढून असतात. तिचा वास उग्र आणि चव कडवट असते.

चरकसंहितेने तिची गणना ‘संज्ञास्थापन’ गणात, म्हणजे हरपलेले भान ठिकाणावर आणणाऱ्या द्रव्यांत केली आहे, ही गोष्ट बोलकी आहे. कारण झोपेसाठी वापरले जाणारे हे द्रव्य परंपरेच्या दृष्टीने गुंगीचे औषध नव्हेच. चिंता, चिडचीड, छातीत धडधड यांमुळे डोळा लागत नसेल, तेव्हा वैद्य तिचा फांट देतात. भरड चूर्णावर कढत पाणी ओतून, भांडे झाकून, काही वेळाने गाळून घेतलेल्या पेयास फांट म्हणतात. जटामांसीचा गुण बऱ्याच अंशी तिच्या उडून जाणाऱ्या सुगंधी तेलात असल्याने काढ्याप्रमाणे ती खळखळ उकळणे म्हणजे औषध वाफेवर दवडणेच होय. तिने सिद्ध केलेले तेल टाळूवर आणि तळपायांना चोळण्याचाही प्रघात आहे.

आधुनिक संशोधनात तिचा शामक परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला असून माणसांवरील अभ्यास थोडे आहेत. तेव्हा रामबाण उपाय म्हणून होणाऱ्या तिच्या जाहिरातींवर विसंबणे योग्य नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांनी, तसेच झोपेच्या, मनोविकाराच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये. बेसुमार खणतीमुळे ही वनस्पती अतिसंकटग्रस्त झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून नियंत्रण आहे. टंचाईमुळे भेसळही होते, आणि तयार चूर्णात ती ओळखणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य असते. म्हणून श्रोत्यांनी खात्रीच्या दुकानातून अखंड मुळीच घ्यावी, मात्रा वैद्याकडून ठरवून घ्यावी, आणि तीन-चार आठवडे झोपेची तक्रार कायम राहिल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.