समोरच्या टोकाचा फलंदाज

(बेळगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून कालपर्यंत संतवाङ्मयावर, सीमाप्रश्नावर आणि उसाच्या दरावर विद्वानांनी विवेचन केले, त्याच व्यासपीठावर आज एका खेळाची गोष्ट कशाला, अशी पृच्छा मला दारातच एका वयोवृद्ध गृहस्थांनी केली. ते पहिल्याच रांगेत बसले आहेत, तेव्हा उत्तर त्यांच्यासमक्षच रुजू करतो. दोघांनी मिळून केलेल्या कार्याचे श्रेय समाज कसे वाटतो, हा प्रश्न संसारात, राजकारणात आणि ग्रंथलेखनातही पदोपदी उद्भवतो. परंतु त्याचा निवाडा जितक्या स्वच्छ अंकांत खेळाच्या दप्तरात पाहावयास मिळतो तितका अन्यत्र मिळत नाही. आणि तो निवाडा, माझ्या दृढ मतानुसार, आजवर चुकत आला आहे.

आरंभ दूरच्या मुलखापासून करतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ खेळतात. त्याचे सर्व नियम सांगत बसलो तर अध्यक्षमहाराज मला खाली बसवतील. (हशा) एवढेच ध्यानात घ्यावे की मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार मुक्काम असतात. एका फटक्यात पहिला मुक्काम गाठला तर तो साधा फटका, आणि दुसरा किंवा तिसरा गाठला अथवा सबंध प्रदक्षिणा करून घरी परत आला तर तो लांब पल्ल्याचा फटका गणतात. 1927 साली अमेरिकन लीगमध्ये अशा फटक्यांच्या यादीत पहिला आला लू गेहरिग, 117 फटक्यांनी, आणि दुसरा आला बेब रूथ, 97 फटक्यांनी. हे दोघेही न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाचे, आणि फलंदाजीच्या क्रमात रूथ तिसरा तर गेहरिग त्याच्या लगोलग चौथा. त्या वर्षी रूथने 60 वेळा चेंडू सीमेपार धाडून प्रदक्षिणा केली. लीगमधील उरलेल्या सातांपैकी एकाही सबंध संघाला ती संख्या गाठता आली नाही, म्हणून जगाने ते 60 कंठस्थ केले. गेहरिगचे 117 मात्र अभ्यासकांच्या वहीत राहिले.

आता त्याच रूथच्या नावावर त्या वर्षी एकूण 158 धावा आहेत. पैकी 60 वेळा तो आपल्याच फटक्यावर घरी आला. उरलेल्या 98 वेळा तो वाटेत कुठल्यातरी मुक्कामावर उभा होता, आणि तेथून घरी येण्यासाठी त्याला बहुतेक वेळा मागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या फटक्याची प्रतीक्षा करावी लागली. त्या मागून येणाऱ्यांत पहिला गेहरिग. निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत दोन भागीदारांनी माल घ्यावा, उन्हापावसात तो सांभाळावा, आणि वर्षअखेर खतावणीत सारी जमा एकाच्या नावे पडावी, तसा हा हिशेब आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की खेळाच्या दप्तरात प्रथम नोंद जोडीची व्हावी आणि वैयक्तिक आकडा तिच्या पोटात यावा. आपल्याकडील दाखला आता देतो, म्हणजे हे परदेशी खूळ आहे असा आक्षेप उरणार नाही.

रणजी करंडक ही देशांतर्गत संघांची क्रिकेट स्पर्धा आपणांस विदित आहेच. तीत 1948 च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना झाला आणि त्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी 443 धावा केल्या, त्याही नाबाद. भाऊसाहेब कोल्हापूरचे, त्या वेळी कोल्हापूर हे संस्थान होते, त्याचे विलीनीकरण पुढल्या मार्चात झाले. (सभागृहातून : "निंबाळकर म्हणजे आमचे निपाणीचे!") निपाणीचे सरलष्कर सिधोजीराव नाईक निंबाळकर यांचे आडनाव तेच, हे खरे, परंतु त्या सनदेवरून भाऊसाहेबांना निपाणीकर ठरविण्याचा अधिकार मजकडे नाही, आणि कोल्हापूरकर मंडळी येथे बसली असताना ते धाडसही मी करणार नाही. (हशा) डॉन ब्रॅडमन यांच्या 452 धावांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धावांवर असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्याचेच नाकारले आणि सामना सोडून दिला. या अन्यायाची हळहळ आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे आणि ती सर्वथैव रास्त आहे. पण येथे जमलेल्या रसिकांपैकी किती जणांना ठाऊक आहे की त्या डावात दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागी झाली, ती त्या गड्यापुरता जगाचा उच्चांक ठरली आणि 1974 पर्यंत अबाधित राहिली? भाऊसाहेबांचे सहकारी होते कमल भांडारकर. त्यांनी स्वतः 205 धावा केल्या. द्विशतक करणारा मनुष्य विस्मृतीत जावा, असा दुसरा डाव मला ठाऊक नाही!

थोडे गणितही करून पाहू. भाऊसाहेबांनी 49 चौकार आणि एक षटकार मारला, म्हणजे सीमेपार गेलेल्या फटक्यांच्या धावा झाल्या 202. उरलेल्या 241 धावा पळून काढलेल्या आहेत, आणि पळून काढलेली धाव एकट्याने निघत नाही. दुसऱ्या टोकाचा मनुष्य त्याच क्षणी, तितकेच अंतर, धावचीत होण्याची तितकीच जोखीम पत्करून धावतो, आणि धावपुस्तिकेत त्याच्या नावापुढे काहीही लिहिले जात नाही. चौकार ही प्रेक्षकांची धाव आहे. पळून काढलेली धाव ही जोडीची.

यावर कोणी म्हणेल की भांडारकरांनी स्वतः दोनशे केल्या, त्यांची कीव कशाला? तेव्हा आता ज्याने जवळपास काहीच केले नाही त्याची गोष्ट सांगतो. ती थोडक्यात सांगण्याचा संकल्प होता. परंतु ती थोडक्यात सांगणे मला आजवर साधलेले नाही.

1943-44 च्या हंगामात मुंबईस ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत हिंदू संघ आणि उरलेल्या समाजांचा 'द रेस्ट' हा संघ यांच्यात झाली. त्याच स्पर्धेत विजय हजारे यांनी 248 धावांचा उच्चांक केला होता. तो अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद 250 करून मोडला आणि हिंदूंचा डाव 581 वर घोषित झाला. 'द रेस्ट'चा पहिला डाव 133 धावांत आटोपला. फॉलोऑननंतरच्या डावातही निम्मा संघ स्वस्तात परतला, आणि तेव्हा हजाऱ्यांच्या साथीस आले त्यांचे सख्खे बंधू विवेक. हे घर सांगलीचे; विजयरावांचा जन्म तेथलाच. त्या दोन भावांनी सहाव्या गड्यासाठी 300 धावा जोडल्या, आणि त्या भागीत विवेक हजाऱ्यांचा हिस्सा किती असावा? डाव संपला तेव्हा त्यांच्या नावावर होत्या 21. (सभागृहात हशा) हसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. संघाच्या 387 धावांपैकी विजय हजाऱ्यांच्या 309. मर्चंटांच्या उच्चांकाला दिलेले ते उत्तर देशभर गाजले. परंतु विवेक हजारे ज्या तासांत खेळपट्टी धरून उभे राहिले, ते तास त्या 309 मधून वजा करून पाहा! धाकल्या आकड्याचा हा भाऊ लवकर परतला असता, तर विजयराव शंभराच्या आसपास एकाकी नाबाद राहिले असते आणि इतिहासाला त्यांच्या धैर्याची परीक्षाच घेता आली नसती. तो सामना 'द रेस्ट' एका डावाने हरला, हेही सांगितले पाहिजे. सामना हातचा गेला असतानाही एक भाऊ दुसऱ्याच्या पराक्रमाला वेळ पुरवीत राहतो, हा माझ्या मते भारतीय क्रिकेटमधील सर्वांत उदात्त असा एकवीस धावांचा डाव होय. त्याचे स्वतंत्र चरित्र लिहिले जावे इतकी त्याची योग्यता आहे.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली, असे त्यात आहे. ते निमूटपणे मान्य केले पाहिजे.)

त्याच विजय हजाऱ्यांनी 1947 च्या मार्चात बडोद्यास, होळकर संघाविरुद्धच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, गुल महंमद यांच्यासमवेत चौथ्या गड्यासाठी 577 धावा केल्या. गुल महंमद 319, हजारे 288. गुल महंमद लाहोरचे. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली, आणि 1956 च्या ऑक्टोबरात तेच गुल महंमद पाकिस्तानच्या बाजूने कसोटीत उतरले. त्याच्या पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंबई राज्यातील आपला जिल्हा म्हैसूर राज्याच्या दप्तरात दाखल झाला. ती तारीख या सभागृहात मी सांगावयास नको. (टाळ्या) सरहद्दी आखणाऱ्यांना त्या 577 धावांची वाटणी मात्र करता आली नाही. ती भागी जवळजवळ साठ वर्षे, 2006 पर्यंत, कोणत्याही गड्यासाठीची जगातील सर्वांत मोठी भागी राहिली.

पुढचे झपाट्याने सांगतो. 2016 साली दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी 594 ची अभेद्य भागी केली. जागतिक उच्चांक 624 चा असताना कर्णधार गुगळे यांनी स्वतःच डाव घोषित केला. 2024 च्या नोव्हेंबरात चोर्ला घाटापलीकडे पर्वरीच्या मैदानावर, अरुणाचल प्रदेशाविरुद्ध, गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी 606 केल्या, एक नाबाद 314 आणि दुसरा नाबाद 300. प्रतिस्पर्धी दुबळा होता, असा आक्षेप मी ऐकला आहे. तो काठेवाडच्या वेळीही घेतला गेला होता, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी तितक्या धावा एकाग्रतेने पळून दाखवाव्यात एवढेच माझे उत्तर आहे. वृत्तपत्रांनी या वेळी दोन्ही नावे एकाच शीर्षकात छापली, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

वेळ संपली. रूथ आणि गेहरिग यांचे पुढे अनेक वर्षे बोलणेही बंद होते आणि तरी ते एकामागून एक फलंदाजीस येत राहिले, हे विस्ताराने सांगावयाचे होते, ते राहिले. जाता जाता मागणी मांडतो. बेळगावात, निपाणीत, खानापुरात दर हंगामास ज्या क्रिकेट स्पर्धा भरतात, त्यांत सामनावीराचा चषक एकाच्याच हाती जातो. संयोजक मंडळींनी पुढल्या हंगामापासून एक चषक सर्वोत्तम जोडीसाठी ठेवावा. त्याच्या खर्चातील माझा हिस्सा मी आजच चिटणिसांकडे जमा करीत आहे. चषकावर दोन्ही नावे एकाच ओळीत कोरावीत, आणि त्यांतील धावा कुणाच्या किती, हे मात्र त्यावर लिहू नये.