दुसऱ्या खेपेचं काय?



रत्नागिरीत भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे.  अध्यक्षानं सागरी जैवतंत्रज्ञानाचा आढावा घ्यायचा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ती मी थोडक्यात पाळणार आहे. कारण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात साचली आहे आणि ती आज बोलायची आहे.

आढावा असा. समुद्रातून औषधं मिळतात का, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. स्पंजातल्या रेणूंवरून सुचलेलं सायटाराबिन १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. विषारी शंकुगोगलगायीच्या विषावरून घडवलेलं झिकोनोटाइड २००४ मध्ये वेदनाशामक म्हणून मान्य झालं. जेलीफिशच्या हिरव्या चमकत्या प्रथिनानं २००८ चं नोबेल मिळवलं. यादी लांबवता येईल, पण ती तुम्हा सर्वांना पाठ आहे.

यादीत न दिसणारी गोष्ट मला सांगायची आहे. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एका स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी वेगळं केलं. ६०० किलो स्पंज, हाती आले १२.५ मिलिग्रॅम. एवढ्यावर रुग्ण बरे होत नाहीत. हार्वर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ किशी यांच्या गटानं १९९२ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत संपूर्ण घडवला. त्यातूनच कळलं की कामाचा आहे तो रेणूचा अर्धाच भाग. तो अर्धा भाग साठाहून अधिक पायऱ्यांनी, कारखान्यात, दर वेळी सारखा करून दाखवला तेव्हा कुठे २०१० मध्ये एरिब्युलिन हे औषध मान्य झालं. ट्रॅबेक्टेडिन या औषधाची कथा तशीच. कॅरिबियन समुद्रातल्या एका ॲसिडियन प्राण्याच्या अर्काचा गुण १९६९ मध्ये समजला, युरोपची मान्यता मिळाली २००७ मध्ये. टनभर प्राण्यांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघायचं. हे प्राणी वाढवूनही पाहिले, पुरेना. शेवटी एका जिवाणूला किण्वनटाकीत वाढवून त्याच्यापासून अर्धा रेणू मिळवला आणि उरलेला रसायनानं पुरा केला. मधली ती सगळी वर्षं कशात गेली? दुसरी खेप पहिलीसारखी निघावी यात गेली.

आपल्याकडे त्या वर्षांना कोणी संशोधन म्हणत नाही. ही माझी तक्रार आहे.

लांब कशाला जायचं, इथल्याच मिरकरवाडा बंदरावर चला. कोलंबीच्या वजनाचा ४० ते ५० टक्के भाग डोकं आणि टरफल असतो. टरफलात प्रथिनं, चुना आणि कायटिन. सौम्य कॉस्टिकनं प्रथिनं काढायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं चुना विरघळवायचा, मग कडक कॉस्टिकमध्ये तापवून कायटिनचं कायटोसान करायचं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं हे तंत्र आपल्या देशात फार पूर्वीच बसवून दिलं. कायटोसानच्या कणांवर धन भार असतो, तांबड्या पेशींवर ऋण, म्हणून जखमेवर ठेवलं की रक्ताची गुठळी लवकर धरते. अशी पट्टी २००२ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि त्यांच्या सैन्यानं रणांगणावर वापरली. पाणी शुद्धीकरण, बियाण्यांवरचं आवरण, औषधाचं वेष्टण, उपयोग पुष्कळ. आणि तरीही आपल्या किनाऱ्यावर टरफलांचे ढीग कुजतात.

का कुजतात? काही वर्षांपूर्वी जखमेच्या पट्ट्या करणाऱ्या एका कंपनीनं आमच्याकडून कायटोसान घेतलं. पहिली खेप उत्तम गेली. दुसरी परत आली, चिकटपणा निम्म्यावर होता. आमच्या मुलांनी कॉस्टिक तपासलं, तापमानाच्या नोंदी पाहिल्या, सगळं जसंच्या तसं. मी कोलंबी सोलणीच्या शेडवर गेलो. तिथल्या मुकादमबाईंनी टोपलीतलं एक टरफल उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “साहेब, ही टरफलं पहाटेची आहेत. हाताला बुळबुळीत लागतात बघा. तुमचा टेम्पो दुपारी येतो, आम्ही सोलतो पहाटे. बरफ कोलंबीला मिळतो, टरफलाला कोण देतं?” त्या बुळबुळीत थरातल्या जिवाणूंची विकरं कायटिनच्या साखळ्या तोडत होती. साखळी आखूड झाली की चिकटपणा गेला. पुढे बॉयलर कितीही चांगला असला तरी तुटलेली साखळी जोडता येत नाही. आम्ही टेम्पोची वेळ पहाटेची केली, टरफलांना बर्फ दिला, खेपा सारख्या निघू लागल्या. सागरी जैवतंत्रज्ञानाची पहिली प्रक्रिया सोलणीच्या शेडमध्ये होते, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे.

दुसरी गोष्ट फेसाची. चुना विरघळताना कार्बन डायॉक्साइड सुटतो. बीकरमध्ये पंधरा सेंटिमीटर द्रव असतो, टाकीत पाऊण मीटर. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून पाचपट वायू बाहेर पडायचा, त्यात टरफलातली उरलीसुरली प्रथिनं, म्हणजे फेस टाकीबाहेर, जमिनीवर, मोटारीवर. शोधनिबंधात याचा उल्लेख सहसा सापडत नाही, कारण बीकरात हे घडतच नाही. आमच्याकडच्या एका जुन्या फिटरनं उथळ, रुंद टाकी करून दिली, वर पाण्याचा बारीक फवारा लावला आणि आम्ल नळातून थेंबाथेंबानं सोडलं. प्रश्न मिटला. त्या माणसाचं नाव कुठल्याही निबंधावर आलं नाही, यायला हवं होतं.

आता गेल्या परिषदेत रंगलेला वाद: आम्ल वापरावं की लॅक्टिक किण्वन? तरुण मंडळी म्हणतात, आम्लानं नदीनाले नासतात. जुनी मंडळी म्हणतात, किण्वनानं चुना पूर्ण निघत नाही. दोघंही खरं बोलतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. शेडवर पिंप ठेवायचं, टरफलात गूळ आणि लॅक्टिक जिवाणू घालायचे. आंबट झालं की कुजणं थांबतं, बर्फाचा खर्च वाचतो, प्रथिनांचं पाणी खाद्यवाला घेऊन जातो. राहिलेला चुना कारखान्यात थोड्या आम्लानं काढायचा. किण्वनाची जागा बंदरावर, आम्लाची कारखान्यात. माझ्या लेखी हा वाद संपला आहे. उरतो प्रश्न सांडपाण्याचा, तो टाळून कोणीच सुटणार नाही.

आता मूळ तक्रारीकडे. एकदा टरफलं सुकवायच्या ड्रायरसाठी अनुदान मागितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी जमेल तेवढं सुकवून ठेवायचं आणि पावसाळ्यात काम चालू राखायचं, असा हिशेब मांडला होता. शेरा आला: यात नवीन काय? अनुदानाच्या त्याच यादीत नव्या जिवाणूंच्या शोधाचे कितीतरी प्रकल्प मंजूर झाले. त्या जिवाणूंच्या अर्कांनी काचेच्या तबकडीत जंतू मारले, निबंध छापले, अर्क फ्रीजमध्ये राहिले. त्या तरुणांवर माझा राग नाही. त्यांना आपण शिकवलंच तसं. पदोन्नतीच्या अर्जात ‘नवा रेणू’ असा रकाना आहे, ‘दहावी खेप’ असा रकाना नाही. शोधाला पदक आणि सातत्याला शेरा, हा न्याय आपण बसून ठरवला आहे आणि आपल्यालाच बदलावा लागेल. रासायनिक अभियंता आपल्या परिषदेत पाहुणा म्हणून येतो, भाषण करून जातो. तो पहिल्या दिवसापासून आपल्या टेबलाशी बसायला हवा.

काही कामं मनात आहेत. परिषदेनं खेपांची एक नोंदवही ठेवावी: टरफल कुठलं, किती तासांचं, चिकटपणा किती. फसलेल्या खेपाही त्यात छापाव्यात. प्रत्येक खेपेचा नमुना जपणारी पेढी कुठेतरी सुरू व्हावी. बंदरालगत सामायिक पायलट प्लँट असावा, त्यासाठी कोणाकडे जायचं ते कार्यकारिणी पाहील. तपशील मी अजून मांडलेला नाही, तुम्हीच मांडा.

उद्या दुपारच्या सत्रात सोलणीच्या शेडवर काम करणाऱ्या दोघीजणी बोलणार आहेत. वेळापत्रकात त्यांना दहा मिनिटं आहेत. समारोपासाठी मला दिलेली वेळही त्यांनाच द्यावी, अशी मी संयोजकांना विनंती करतो. आणि ज्यांच्या फ्रीजमध्ये अर्क पडून आहेत त्यांनी त्या सत्राला यावंच.