परदेशी शिक्षण आणि गावाची जबाबदारी

(चाकूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



चाकूर तालुक्यातील मुलामुलींना परदेशी विद्यापीठ फार दूरचे वाटते. हे अंतर बुद्धीचे नसून साधनांचे आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवरून दिसते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व १९१६ मध्ये लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. प्राध्यापकीतील बचत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज व राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मधली तीन वर्षे पैशांअभावी गेली.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आज राजर्षी शाहूंच्याच नावे आहे. मात्र प्रवेशपत्र, दाखले, पारपत्र वेळेत जुळले नाहीत, तर गुणवान विद्यार्थीही मागे राहतो. शिक्षकांनी अशी मुले वेळीच हेरावीत, पंचायत सदस्यांनी योजनेची माहिती घरोघरी पोचवावी आणि तहसील कचेरीत दाखल्यासाठी कोणाला हेलपाटे पडू नयेत. एका दाखल्यापायी कोणाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.